बाराव्या पाळीची हजेरी

१

सेल्विन ट्रोमन्स बरोबर अकराला यायचा. चाळीस वर्षं गळा फाडून गाणाऱ्याचा आवाज अकरा ते एक एवढाच वेळ माणसात असतो, असं त्याचं म्हणणं होतं. ग्लेनिसनं आपलं घड्याळही त्यावरच लावून घेतलं होतं. साडेदहाला ती स्टुडिओ उघडायची, किटली चढवायची, काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीतला दिवा लावायची आणि माइकपुढची कापडी जाळी नीट बसली आहे का ते बोटानं चाचपायची. स्टुडिओ म्हणजे इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ गावातल्या एका जुन्या चॅपलची, म्हणजे छोट्या चर्चची, मागची बाजू. भिंती इतक्या जाड की बाहेर रस्ता खणत असले तरी आत कळायचं नाही.

"काय गं पोरी, उकळलं का पाणी?" सेल्विननं दारातून विचारलं.

"एकसष्ट वर्षांची पोर आहे मी. आणि तुला चहा नाही. कोमट पाणी आणि मध."

"बेरिलनं तुला फितवलंय."

"मी कशाला फितवू?" त्याच्यामागून त्याची बायको बेरिल दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आत शिरली. "डॉक्टरांनी सांगितलंय. ह्याला वाटतं डॉक्टर माझ्या माहेरचे आहेत."

तिघंही हसली, पण बेताचंच. डॉक्टरांनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती. सेल्विनच्या स्वरयंत्रात गाठ होती आणि वीस जूनला ते अख्खं काढून टाकायचं होतं. जीव वाचण्याची आशा चांगली होती. आवाज मात्र राहणार नव्हता. गाण्यापुरताच नाही, बोलण्यापुरतासुद्धा नाही.

आज अकरा जून. हातात नऊ सकाळी होत्या आणि एक गाणं बाकी होतं.

एकेकाळी सेल्विनचा आवाज ऐकून मैदानातली हजारो माणसं एका वेळी मुठी वर करायची. हेवी मेटल ह्याच भागातल्या कारखान्यांच्या धुरातून निघालं, असं इथला प्रत्येक म्हातारा छातीवर हात मारून सांगतो, आणि सेल्विन त्यातला पहिल्या फळीचा. सैतान, तलवारी, जळती शहरं, सगळं गाऊन झालं होतं. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यानं शेवटचा अल्बम काढायला घेतला तो अवकाशातला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकच गोष्ट, आणि नाव 'बारावी पाळी'.

"आयुष्यभर सैतान विकला," बेरिल म्हणायची, "आता म्हातारपणी विमान विकतोय."

"विमान नाही गं, जहाज. चारशे वर्षं चालतंय."

"मग पेट्रोल कोण भरतं?"

सेल्विन तिला उत्तर द्यायचा नाही. आवाज जपून वापरायचा होता.

२

गोष्ट तशी साधी होती. पृथ्वीपासून निघालेलं एक जहाज, त्यात बारा पहारेकरी. अकरा जण गारठलेल्या पेट्यांत झोपलेले आणि बाराव्या पाळीचा एक जण जागा. आधीच्या आठ गाण्यांत हा जागा माणूस म्हातारा होत जातो, बोलायला कोणी नाही म्हणून यंत्रांशी भांडतो, घराकडचे रस्ते आठवत बसतो. नवव्या गाण्यात, म्हणजे 'हजेरी'त, त्याला इंजिन पेटवायचं असतं. नियम असा की सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय पेटवायचं नाही. तो एकेकाचं नाव पुकारतो आणि थांबतो. नाव पुकारतो आणि थांबतो. शेवटी स्वतःचं नाव घेऊन स्वतःच ओ देतो आणि इंजिनाचा पहिला ठोका पडतो. तिथं अल्बम संपतो.

हे सेल्विननं काही आकाशातून आणलं नव्हतं. सोळाव्या वर्षी तो घणाच्या शेडमध्ये कामाला लागला होता. वाफेवर चालणारा तो घण दुमजली घराएवढा होता, त्याखाली ऐरण आणि ऐरणीभोवती बारा माणसं. घण वर गेला की पुकारणारा एकेकाचं नाव घ्यायचा. प्रत्येकानं ओ द्यायची, म्हणजे सगळ्यांचे हात बाहेर आहेत हे समजायचं. आपलं नाव तो सगळ्यांत शेवटी घ्यायचा, स्वतःच ओ द्यायचा आणि मग घण सोडायचा. एक ओ कमी पडली तरी घण वरच राहायचा, मग लोखंड थंड होवो नाहीतर मालक बोंबलो. आणि एक गोष्ट कोणी कधी करायचं नाही. दुसऱ्याची ओ आपण द्यायची नाही.

सेल्विन शेवटची दोन वर्षं पुकारणारा होता. गाण्यातली नावं त्याच टोळीतली होती, आणि ती सगळी माणसं आता मातीखाली होती. चौथं नाव अर्नी हॅकेट. ग्लेनिसचा बाप.

त्यामुळे हा नियम ग्लेनिसला सांगावा लागत नव्हता. तिच्या घरात लहानपणी हाक आली की ओ गेलीच पाहिजे, मग तोंडात घास असो की अंगाला साबण. बापानं हाक मारली आणि ओ आली नाही तर त्याचा चेहरा पांढरा पडायचा. आधी तो धावत यायचा आणि मग कानाखाली वाजवायचा.

'हजेरी'च्या पहिल्या सकाळी ती आवाजाची पातळी बघत होती. अशा वेळी गायकानं काहीबाही बोलत राहायचं असतं. सेल्विन काचेपलीकडे उभा राहून नुसती नावं म्हणत होता, सवयीनं मध्ये थांबत होता.

"जोसाया पार्क्स... होरेस ब्लूमर... जेसी होमर... अर्नी हॅकेट..."

का ते तिचं तिलाही कळलं नाही, पण बोलायचं बटण दाबून ग्लेनिस म्हणाली, "ओ!"

बेरिल खुदकन हसली. काचेपलीकडे सेल्विन हसला नाही.

"असं करायचं नसतं गं," तो म्हणाला.

"गंमत केली रे. बाप असता तर हसला असता."

"तुझा बाप हसला नसता. कानाखाली वाजवली असती त्यानं." त्यानं हेडफोन सरळ केले. "चल, घे. आवाज आहे तोवर घे."

त्या दिवशी तो झकास गायला.

३

दुपारी ती दोघं गेल्यावर ग्लेनिस साफसफाईला बसली. तिच्या कामाचा हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग. पडद्यावर आवाजाची आडवी रेघ असते. माणूस गातो तिथं ती फुगते, गप्प राहतो तिथं सपाट होते. सपाट जागेत खुर्चीची करकर, घशाची खाकर असलं काही राहिलं असेल तर ते कापून टाकायचं.

चौथ्या नावानंतरची रेघ सपाट नव्हती.

फार नाही, मुंगी चालल्यासारखी जाडी होती. तिनं आवाज वाढवून ऐकलं. कोणीतरी श्वास आत घेत होतं. बोलायला तोंड उघडताना आपण घेतो तसा, भरून. मग काही नाही. मग पाचवं नाव.

सेल्विनचा असणार, असं म्हणून तिनं पुन्हा ऐकलं. पण सेल्विनचा श्वास ती चाळीस वर्षं कापत आली होती. त्याच्या श्वासाला टोकाशी एक शिट्टी असते. ह्या श्वासाला नव्हती. शिवाय सेल्विन माइकपासून वीतभर अंतरावर उभा राहायचा आणि हा श्वास लांबून येत होता, डावीकडून, जरा खालून.

पाइपमधली हवा असेल. बाहेरच्या खोलीत बेरिल होती, तिचं काही झिरपलं असेल. ग्लेनिसनं मनातल्या मनात सहा कारणं काढली आणि सहाही तिला पटली. मग तिनं तो तुकडा कापायला घेतला आणि कापला नाही. उद्या पुन्हा गाणारच आहे, मग आज कशाला, असं म्हणून ती उठली. बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं दाराला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

४

दुसऱ्या दिवशी पहिल्या आणि सातव्या नावापुढे तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आठ ठिकाणी.

ग्लेनिसनं पाइप बंद केले. माइक बदलला, तारा बदलल्या. सेल्विन यायच्या आधी अर्धा तास रिकाम्या खोलीचं नुसतं रेकॉर्डिंग केलं. रेघ टेबलासारखी सपाट आली. म्हणजे खोलीत काही नव्हतं. सेल्विन आत गेला आणि नावं घेऊ लागला की मगच ते यायचं. प्रत्येक श्वास वेगळा होता. एक घरघरता, एक तरण्या माणसाचा चपळ, एक इतका जड की त्यामागचं पोट डोळ्यापुढे उभं राहावं.

बेरिल कोपऱ्यात बसून पाव कापत होती. चीज आणि कांदा भरलेला गोल पाव, रोजचा तोच.

"ग्लेनिस," ती सुरी थांबवून म्हणाली, "हे गाणं चालू असताना मागं सारखं पाय कोण बदलतंय गं? कधीचा उभाय बिचारा. त्याला खुर्ची तरी द्या."

"कुठे ऐकलंस?"

"अगं ह्या स्पीकरमधून. तुम्हा लोकांचे कान एवढे नावाजलेले आणि एवढं ऐकू येत नाही?"

ग्लेनिसला ते ऐकू आलं होतं. फक्त दुसऱ्या कोणाला यावं असं तिला वाटत नव्हतं. तोवर तिच्याकडे स्वतःच्या कानांवर दोष टाकायची सोय होती.

एक वाजता सेल्विन बाहेर आला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा वीस वर्षांनी तरुण दिसत होता.

"थांबे लांबवतोयस तू," ग्लेनिस सहज म्हटल्यासारखं म्हणाली. "पहिल्या दिवशी चार ठोके थांबायचास, आता सहा थांबतोस."

"ते श्वास घेतात तेव्हा थांबावंच लागतं ना." त्यानं गळ्याला रुमाल गुंडाळला. "झकास कल्पना काढलीस पोरी. हेडफोनमध्ये ते श्वास आले की वाटतं, आता देतील ओ, आता देतील. ह्या पट्टीत मी गेल्या दहा वर्षांत गायलो नव्हतो. कुठून आणलेस ते श्वास?"

त्याला वाटत होतं की ते ग्लेनिसनंच घातलेत.

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण सहा सकाळी उरल्या होत्या. खरं ऐकून तो बिथरला असता, त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नसतं त्यानं, आणि गाणं अर्धंच राहिलं असतं. ह्या माणसाचा आवाज जगातून जाणार होता आणि तो पकडून ठेवणं एवढं एकच काम तिच्या हातात होतं.

"जुन्या टेपा होत्या पडलेल्या," ती म्हणाली. "आवडले ना? मग झालं."

५

एकोणीस जूनला शेवटची सकाळ होती. अकरा नावं पक्की झाली होती, फक्त बारावं राहिलं होतं. तेवढं तो रोज पुढे ढकलत आला होता.

"शेवटचं शेवटीच घेऊ," असं म्हणायचा.

त्या दिवशी तो माइकपुढे उभा राहिला, अकरावं नाव आणि त्यानंतरचा थांबा ऐकला आणि तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. कागद फाटावा तेवढंच काहीतरी निघालं. त्यानं पाणी प्यायलं, मध चाटला, पुन्हा केलं. पाच वेळा केलं. सहाव्या वेळी रुमालावर रक्त आलं तेव्हा बेरिल उठून काचेवर दोन्ही हात मारू लागली.

"बस झालं! ग्लेनिस, बंद कर ते मशीन! मेलं ते गाणं!"

सेल्विन बाहेर येऊन खुर्चीत बसला.

"आयुष्यभर दुसऱ्यांची नावं घेतली," तो कुजबुजला. "आपलं घ्यायची वेळ आली आणि आवाज संपला." मग त्यानं ग्लेनिसकडे पाहिलं. "आवाज गेल्यावर मी कोण गं? नुसता एक म्हातारा. बाजारात भाजी घेणारा."

"भाजी कधी घेतलीस रे तू?" बेरिल म्हणाली आणि रडू लागली.

ग्लेनिसनं त्याचा हात धरला. जाताना तो दारात थांबला आणि बोटानं काचेकडे दाखवत म्हणाला, "माइक काढू नकोस. गाणं पुरं झाल्याशिवाय माइक काढायचा नसतो."

त्याच्या तोंडचं तिनं ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

६

ऑपरेशन नीट झालं. सेल्विन पंधरा दिवस दवाखान्यात होता. गळ्याच्या खोबणीत एक भोक होतं आणि श्वास तिथून जायचा-यायचा. बोलायचं असेल ते तो लहान मुलांच्या पांढऱ्या पाटीवर लिहायचा. ग्लेनिस भेटायला गेली की तो एकच लिहायचा. 'बारावं?'

"बघते," ती म्हणायची. "तुझ्या जुन्या गाण्यांतून अक्षरं जोडून करता येतंय का ते बघते."

तिनं बघितलंही. चाळीस वर्षांच्या टेपा काढल्या. सेल्विननं जगातल्या सगळ्या भुताखेतांची नावं गायली होती, पण स्वतःचं नाव एकदाही गायलं नव्हतं. तुकडे जोडून केलेलं नाव पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटायचं.

मग तिनं दुसरं काम हाती घेतलं. आता तो बिथरायचा प्रश्न नव्हता. तिनं अकराही ठिकाणचे श्वास कापले, रेघ सपाट केली आणि गाणं सुरुवातीपासून ऐकलं.

गाणं मेलं होतं. एक म्हातारा मेलेल्यांची यादी वाचत होता, बाकी काही नाही. ज्यासाठी जीव कंठाशी यायचा ते त्या थांब्यांतच होतं.

खुर्चीत बसून तिनं अर्धा तास स्वतःशी वाद घातला. मग अकराही श्वास होते तसे परत जोडले. चौथा जोडल्यावर तो तिनं एकटाच पुन्हा लावून ऐकला. लांबून, डावीकडून, जरा खालून येणारा. तिचा बाप बुटका होता, जेमतेम पाच फूट. माइक सेल्विनच्या उंचीला लावला होता.

हे डोक्यात आल्याबरोबर तिनं सगळी बटणं बंद केली. पण एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नसती. तिला भीती कमी वाटली होती. जास्त वाटलं ते हे, की त्यानं एकदा बोलावं.

७

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेरिल सेल्विनला घेऊन आली. तो निम्मा झाला होता. गळ्याला पातळ पांढरा रुमाल, काखेत पाटी.

"घे बाई तुझा गवई," बेरिल म्हणाली. "घरात बसून नुसता पाटीवर भांडतोय माझ्याशी. मी बाजारात जाऊन येते तासाभरात. त्याला रडवू नकोस."

ग्लेनिसनं त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं. साडेअकरा वाजले होते. उंचावरच्या खिडकीतून ऊन काचेवर पडलं होतं. काचेपलीकडे माइक जूनमध्ये होता तसाच उभा होता. दिवा लागलेला नव्हता.

"अकरापर्यंतच आहे बरं का," ती म्हणाली. "पुढचं जमलं नाही मला. माफ कर."

त्यानं मान हलवली आणि हात पुढे केला. लाव.

गाणं सुरू झालं. आधी गिटारीचा तो जड, सावकाश ठेका, मग सेल्विनचा आवाज, भरलेला, जळता, महिन्यापूर्वीचा. जोसाया पार्क्स. थांबा, श्वास. होरेस ब्लूमर. थांबा, श्वास. सेल्विन डोळे मिटून ऐकत होता आणि प्रत्येक नावाला त्याचे ओठ हलत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ग्लेनिसनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि पडद्यावरच्या रेघेवर नजर ठेवली.

अकरावं नाव झालं, थांबा झाला, गाणं संपलं. तिनं मशीन थांबवलं.

सेल्विनचे ओठ थांबले नव्हते. त्यानं छाती भरली. गळ्यापाशी रुमाल आत ओढला गेला. त्याचं तोंड पूर्ण उघडलं, मैदानात उघडायचं तसं.

"सेल्विन ट्रोमन्स," स्पीकरमधून आलं.

त्याचाच आवाज. महिन्यापूर्वीचा नव्हे, चाळीस वर्षांपूर्वीचा.

ग्लेनिसनं मशीनकडे पाहिलं. ते थांबलेलंच होतं. आवाज काचेपलीकडच्या माइकमधून येत होता. मशीनवरचा त्या माइकचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ती खोली रिकामी होती.

सेल्विननं ओठांचा चंबू केला.

"ओ," खोलीतून आलं.

आणि मग तिला काच दिसली. ऊन तिरकं पडलं होतं म्हणून दिसली. काचेवर वाफ धरत होती, आतल्या बाजूनं. थंडीत खिडकीशी तोंड नेल्यावर धरते तशी, गोल गोल डाग. एक वर, एक जरा खाली, दोन शेजारी शेजारी. विरत होते आणि पुन्हा धरत होते. ग्लेनिसनं ते मोजले नाहीत. तिची नजर डावीकडच्या एकावर खिळली. तो बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता.

आता घण पडेल, तिला वाटलं. बारा झाले, सगळ्यांनी ओ दिली, आता पडेल आणि हे संपेल.

घण पडला नाही. सेल्विनचे ओठ पुन्हा हलले.

"ग्लेनिस हॅकेट," तो आवाज म्हणाला.

८

तिनं दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले.

खोलीत कोणी पाय बदलला. कोणी खाकरलं. सेल्विन तिच्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट इतकी माया होती की तिला ती बघवेना. त्यानं पाटी मांडीवर घेतली, सावकाश लिहिलं आणि तिच्यापुढे धरली.

'ओ दे. सगळे खोळंबलेत.'

तिनं जोरजोरात मान हलवली. त्यानं रुमालाच्या टोकानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

'त्याची तू दिलीस. आता तुझी राहिली.'

"ग्लेनिस हॅकेट," पुन्हा हाक आली. ह्या वेळी आवाजात घाई होती, घण फार वेळ तोलून धरलेल्या माणसाची.

नाही म्हणजे नाही. ती दातांवर दात दाबून बसली. हे थांबेल. तासाभरात बेरिल येईल, दार उघडेल, बाहेरचा गोंगाट आत येईल आणि हे थांबेल. तिनं डोळे मिटले. मनात आकडे म्हणायला लागली. साठपर्यंत गेली, पुन्हा एकपासून सुरुवात केली. घाम पाठीवरून उतरत होता. खोलीत सगळे गप्प होते, तिच्यासाठी थांबले होते, आणि त्यांच्यात तोही थांबला होता, बुटका, डावीकडचा. तिनं ओ दिली नाही तर त्याला तसंच उभं राहायला लागेल, हे तिला समजत होतं. तरी ती गप्प राहिली. कितीतरी वेळ गप्प राहिली.

पलीकडच्या पॅसेजमध्ये दार वाजलं. पिशव्या जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला आणि बेरिलची रोजची, खणखणीत, जिवंत हाक आली.

"ग्लेनिस! आहेस ना गं आत?"

ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. तिनं हात खाली घेतले.

"ओ!" ती म्हणाली.

जमीन एकदाच हादरली. टेबलावरचे कप एकमेकांवर आपटले. बाकी काहीच झालं नाही. उलट फार शांत झालं. डाव्या खांद्याला कोणाचा तरी ऊबदार खांदा लागला. कोळशाचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. लहानपणी बाप कामावरून घरी आला की यायचा तो.

तिनं डोळे उघडले. समोर बेरिल आत येत होती, पण ती काचेतून दिसत होती. काच ग्लेनिसच्या तोंडापुढे होती आणि तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरत होती.

पलीकडे दोन खुर्च्या होत्या. एक रिकामी होती. दुसरीत सेल्विन मान छातीवर टाकून बसला होता, मांडीवर पाटी. त्याच्या गळ्यावरचा रुमाल आता हलत नव्हता.

बेरिलनं पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि त्याचा खांदा हलवला.

"झोपलास काय रे? आणि ही बाई कुठे गेली? आत्ता तर ओ दिली."